काका, एक वीत पाण्याबद्दल आभार

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ठेव आता, बिल वाढून राहिलं" म्हणून फोन ठेवता. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला कसलं आलंय बिल! म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय. यंदा दिवाळीच्या फराळाला तिघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला: डक क्लबला, म्हणजे बदकांच्या शिकारीच्या क्लबला, किती मोजायचे? तिघांनाही मी तुमचंच उत्तर दिलं आणि माझं म्हणून खपवलं. ते तेव्हापासून टोचतंय.

चौथ्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही खरोखर बदकं मारता?" त्याच्यापुढे मी चकलीची ताटली सरकवली.

मागच्या वर्षीचा ऑगस्ट आठवा. मी तुमच्याकडे आलो तो जवळजवळ सही करूनच. इथे कॅलिफोर्नियात सटर ब्यूट्सच्या डोंगरांकडे पाहत बसलेला तो क्लब, लाकडी लॉज, भिंतीवर पंख पसरलेला तलवार बदकाचा नर, निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आणि आजोबांच्या वेळेपासूनचे मेंबर असलेली ती गोड बोलणारी माणसं. शेअर 45,000 डॉलर, वर वर्षाची वर्गणी 5,400. मी निफाडचा. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर लहानपणी बापाच्या सायकलवरून थापटे आणि तलवार बदकं पाहिलेली, नुसती पाहिलेली. आणि इथे सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात तेच पक्षी लाखांनी उतरतात. तेच म्हणजे त्याच जातीचे. ते सैबेरियातून हिमालयावरून येणारे, हे अलास्का-कॅनडातून पॅसिफिकच्या वाटेने येणारे, एवढं मला कळतं. पण मन कुठे ऐकतं? त्या भिंतीवरच्या पक्ष्याने माझे 45,000 जवळपास काढून घेतले होते.

तुम्ही रक्कम ऐकून महाग म्हणाला नाहीत, स्वस्तही नाही. काकूंना म्हणालात, "स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आण."

तो तासभर मी जन्मात विसरणार नाही. ऑक्टोबरचा शेवट ते जानेवारीचा शेवट, सीझन साधारण शंभर दिवसांचा. त्या क्लबचे बंदुकीचे दिवस बुधवार, शनिवार आणि रविवार, म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास. मी खुशीत आलो, 5,400 भागिले 43, सव्वाशे डॉलर दिवसाला! तुम्ही लाल पेन घेतलं आणि सगळे बुधवार खोडले. "बुधवारी तुझं ऑफिस तुला सोडते काय?" सोडत नाही. मग दिवाळी. मग डिसेंबरातले भारतवारीचे तीन आठवडे, तिकिटं काढून झाली होती. जानेवारी त्या कालनिर्णयात नव्हताच, तो तुम्ही मागच्या कोऱ्या जागेवर हाताने आखलात, आणि लेकीच्या मराठी शाळेचे रविवार त्यातून उडवलेत. माझ्याकडे पंधरा दिवस उरले. काकू कणीक मळत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "पहाटे तीनला उठायचंय म्हणावं, पंधरादा नाही उठत तो." अकरा झाले.

5,400 भागिले 11. चारशे नव्वद.

"आता लॉजवरचं जेवण किती गोड लागते सांग," म्हणालात.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी आयुष्यभर उपकार मानले असते, पण खरं शिक्षण दुसऱ्या शनिवारी झालं. तुम्ही मला घेऊन त्या क्लबवर गेलात, भर दुपारी, जेवणाचं आमंत्रण नसताना. राज्याच्या पाणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस बदकांबद्दल चकार शब्द विचारत नाही, हे त्या सेक्रेटरीला कळेचना. तो गेल्या वर्षी माणशी सरासरी किती पक्षी पडले ते सांगत होता आणि तुम्ही कालव्याच्या दरवाजापाशी वाकून बसला होतात. पाणी कालव्याचं की विहिरीचं? कालव्याचं असेल तर कोणत्या हक्काचं, जुन्या की नव्या? पंपाचं विजेचं बिल वर्गणीत की वेगळं? बांध शेवटचे कधी भरले? आणि मग तो एक प्रश्न: "2022 साली जास्तीची पट्टी किती बसली?"

सेक्रेटरी घुटमळला. मग म्हणाला, शेअरमागे 1,800.

2022 चा तो दुष्काळ मी टीव्हीवर पाहिला होता, तुम्ही बांधांवरून पाहिला होता. एरवी या खोऱ्यात पाच लाख एकरांच्या आसपास भात लागतो. त्या वर्षी जेमतेम निम्म्यात लागला. नदीच्या पश्चिमेला मैलोन्‌मैल शेतं कोरडी. पेरणीलाच पाणी नाही, तर हिवाळ्यात बदकांसाठी कोण सोडणार? त्या क्लबचीही तळी तीनात एक कोरडी राहिली आणि मेंबरांनी वर पैसे भरून विहीर खोल केली. यात त्या लोकांची लबाडी काही नाही, उलट माणसं सरळच. विचारलं तर सांगितलं. फक्त मी विचारणार नव्हतो.

परतताना गाडीत तुम्ही जे बोललात ते मी आजवर निदान दहा जणांना ऐकवलंय: "बदक कोणाच्या बापाचं नसते. पैसे पाण्याचे असतात, अन् बांधाचे. भिंतीवरच्या पक्ष्याचे देऊ नको."

आणि 45,000 चं काय, असं मी विचारलं तर म्हणालात, ते गेले असं नाही, अडकले. तुझ्यासारखा दुसरा येईस्तोवर.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मला तेव्हा थोडा राग आला होता. वाटलं, या माणसाने स्वतः पंचवीस वर्षं क्लबची मजा घेतली, आणि मला मात्र हिशोब शिकवतोय. मग तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. गोंदियाकडची तळी, घरातली दुनळी बंदूक, लायसनचा कागद ट्रंकेत, आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर वडिलांनी हूं की चूं न करता बंदूक ठेवून दिली ती कायमची. "कायदा बरोबरच होता," म्हणालात. "तिथं कोणी मोजतच नव्हतं. इथं मोजतात." खरंय. दिवसाला सात बदकं, त्यातही कोणत्या जातीची किती ते ठरलेलं, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत, बंदुकीत तीनच काडतुसं, शिशाचे छर्रे बंद. आणि ते 25 डॉलरचं अमेरिकेच्या केंद्र सरकारचं डक स्टँप, म्हणजे बदकांच्या शिकारीला लागणारं तिकीट, जे तुम्ही मला क्लबच्याही आधी घ्यायला लावलंत. 1934 साली पहिलं निघालं तेव्हा एका डॉलरला होतं. डॉलरातले 98 सेंट पाणथळ जमिनीला जातात म्हणे. "याहून स्वस्त मेंबरशिप मला दाखव," हे तुमचं आवडतं वाक्य. जुनी स्टँपं तुम्ही अल्बममध्ये लावलीत, सगळ्यांवर आडव्या सह्या, आणि सही वर्षागणिक थोडी थोडी थरथरत गेलेली. ते पान मी पाहिलं हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही अल्बम मिटलात.

पहिला सीझन तुम्ही मला कुठेच पैसे भरू दिले नाहीत. सरकारी रेफ्युजवर, म्हणजे राखीव पाणथळीवर, सोडतीत नंबर टाक, नाही लागला तर रांगेत बस, म्हणालात. बसलो. ग्रे लॉज नावाच्या सरकारी पाणथळीवर अंधारात, गाडीत पाय आखडून, कोणाची जागा रिकामी होते याची वाट पाहत. सहा वेळा गेलो, दोनदा रांगेतूनच घरी आलो. पण शेजारच्या गाड्यांतल्या लोकांशी बोलून जे कळलं ते कुठल्या लॉजवर कळलं नसतं: कोण कुठला क्लब सोडून आलाय, आणि का. एक जण 1,500 डॉलरच्या स्वस्त क्लबात होता. मेंबर बारा, बसायच्या जागा दोन. वर्षभर चिठ्ठ्याच काढत बसले बिचारे.

जानेवारीत तुमच्या क्लबवर पाहुणा म्हणून नेलंत, तुमचा तो शेवटचा सीझन. या खोऱ्यातलं ते दाट 'ट्यूल' धुकं. ब्लाइंडमध्ये, म्हणजे शिकाऱ्याच्या आडोशात, खांद्याला खांदा लावून बसलो तरी तुमच्या टोपीचा गोंडा अंधुक दिसत होता. डिकॉय (पाण्यावरची नकली बदकं) दिसत नव्हते, पाणीही नाही. वरून नुसती शीळ यायची, तलवार बदकाच्या नराची, बारीक, आणि मग ताणलेलं कापड सर्रकन फाटावं तसा पंखांचा आवाज डोक्यावरून जायचा. मी बंदूक उचलली. तुम्ही नळीवर नुसता हात ठेवलात. दिसत नाही त्यावर मारायचं नाही. नऊनंतर जरा उघडलं तेव्हा दोन पडली, दोन्ही थापटे, ज्यांना इथले शिकारी नाक मुरडतात. काकूंनी त्यांचाही सावजी रस्सा केला आणि माझं नाक वाहायला लावलं. सोबत भात मात्र बासमती. ज्या तांदळावर ती बदकं पोसली तो चिकट असतो, त्याला काकू दारात उभं करत नाहीत.

तर यंदाचा सौदा तुमच्याच कृपेने झाला. भातशेतकऱ्याच्या शेतातला दोघांचा ब्लाइंड, एका सीझनपुरता, शेअर नाही, लॉज नाही. त्याने माणशी 3,200 सांगितले. तुम्ही घासाघीस करूच दिली नाहीत. म्हणालात, भाव सोड, कागदावर तारखा घे. पाणी कधी सोडणार? कापणीनंतर शेत भरेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो हे मला कुठे माहीत होतं! सीझन सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे आपण कोरड्या ढेकळांचे पैसे भरत असतो. पाणी जानेवारी संपेपर्यंत ठेवणार का? त्या तुकड्यात आणखी बंदुका बसवणार का? हे सगळं लिहून घेतलं. मग शेतकरीच म्हणाला, आडोशाचं गवत तुम्ही बांधणार असाल तर 2,800 द्या. माझ्या अकरा दिवसांना भागलं तर दिवसाला अडीचशेच्या आसपास. जोडीदार युबा सिटीचा पंजाबी ट्रकवाला मिळाला, त्याला सुट्टी आठवड्यात असते, मला शनिवार-रविवार. भांडणाला जागाच नाही.

शेतात पाणी का सोडतात हेही तुम्हीच सांगितलंत. मला वाटायचं बदकांसाठी. 1991 च्या कायद्याने भाताचं काड जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधन आलं; त्याआधी ऑक्टोबरात या खोऱ्यात धुराने डोळे उघडत नसत, काकूंचा दमा तेव्हाचाच. जाळता येईना म्हणून शेतकरी पाणी सोडून काड कुजवायला लागले, आणि बदकांना आयतं ताट वाढलं गेलं. पण काड कुजायला घोटाभर पाणी पुरतं आणि बदकाला बरोबर एक वीत लागतं, यात आपले पैसे अडकतात. डोकं खाली, शेपूट वर करून तळाचा दाणा उचलणारा पक्षी. वीतभरापेक्षा खोल गेलं की ते निघून जातात आणि मागे राहतात वारकरी, काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे, खायला कोणाला नको असलेले. "वारकऱ्यांवर बंदूक धरायची नाही, पाप लागते," हा तुमचा विनोद मी ट्रकवाल्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

पाणी 10 नोव्हेंबरला सोडायचं ठरलं होतं, 8 लाच सोडलं. परवाच्या शनिवारी तुमची काठी घेऊन गेलो, वीतभरावर चाकूने खाच पाडलेली. ब्लाइंडच्या चारी बाजूंनी उभी केली. सगळीकडे खाचेच्या तीन बोटं खाली. गेल्या वर्षीचा मी असतो तर पाणी दिसतंय म्हणून खुश होऊन घरी आलो असतो. शेतकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्हाला मोजायला कोणी शिकवलं? आणि त्याने बांधाच्या मोरीत आणखी एक फळी चढवली. मंगळवारी ऑफिसला दांडी मारून पुन्हा गेलो. खाचेला टेकलंय.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चिखल नको म्हणून सांगितलंय ते मला ठाऊक आहे, काकूंनी दोनदा बजावलंय. बांधापासून ब्लाइंडपर्यंत चाळीस पावलं आहेत. तेवढ्या वाटेवर आम्ही दोघांनी फळ्या टाकल्यात, वर जाळी ठोकलीय, घसरत नाही, मी नाचून पाहिलंय. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे साडेतीनला तुमच्या दारात येतो. बंदूक नका आणू, टोपी आणा. काकूंना म्हणावं डबा नको, उपमा मी करून आणतोय. काठी मात्र इतक्यात परत मिळणार नाही.

तुमचा,
निफाडचा पोरगा