माशाला गादी असते हे मला साठीनंतर कळलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या तलावांवर पेपरात अधूनमधून काहीतरी येतंच, कधी मेलेले मासे तरंगताना फोटो, कधी सुशोभीकरण, कधी नवीन लायटिंग. मी चेंदणी कोळीवाड्यातला, जन्म इथलाच, बाप आणि आजा खाडीवर जगले, मी कंपनीत नोकरी केली पण रविवारी तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गळ घेऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसायचं काही सुटलं नाही. आता रिटायर झालोय. मे महिन्यात पोरीकडे इंग्लंडला गेलो होतो, तिथे जावयाने मला एका कार्प माशांच्या (कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या जातकुळीतला गोड्या पाण्यातला मासा) तलावावर नेलं आणि तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट फिरतेय ती लिहितो, जागा असेल तर छापा.

आधी जावयाचं सांगतो. पोरगा पुण्याचा, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही, आणि छंद काय तर मासे पकडणं. लग्नात आमच्या वाड्यात यावर फार हसले होते लोक. तो म्हणतो बाबा मी पकडतो आणि सोडतो. मी व्हिडिओ कॉलवर आमच्या काकांना हे सांगितलं तर काका म्हणाले, "सोरायचा व्हता त पकरला कनाला?" माझ्याकडे पण तेव्हा उत्तर नव्हतं.

तर तो तलाव. लंडनपासून दीडेक तासावर, शेतांच्या मधे, मोठा म्हणावा असा नाहीच, आपल्या ठाण्याच्या कचराळी तलावापेक्षा थोडा मोठा असेल. पण व्यवस्था बघून मी गप्पच झालो. काठावर ठराविक अंतराने बसायच्या जागा, प्रत्येकीला नंबर, खाली लाकडी फळ्यांचा ओटा म्हणजे पावसात चिखलात बसायला नको, गाडी लावायला जागा, स्वच्छ संडास, चहाची टपरी. आत जायच्या आधी सरकारी लायसन लागतं, इंग्लंडात तेरा वर्षांवरच्या कोणालाही गोड्या पाण्यात रॉड टाकायचा तर ते लागतंच, एका दिवसाचं पण मिळतं, जावयाने मोबाईलवर दोन मिनिटांत काढलं. तलावाचं तिकीट वेगळं. गेटवर गेलो तर आमची जाळी आधी एका टाकीत बुडवायला लावली, औषधाचं पाणी होतं. मला वाटलं वास मारतोय म्हणून धुवायला सांगतायत. तसं नव्हतं. तिकडे कार्पला हर्पिससारखा एक व्हायरस होतो, कोई हर्पिस म्हणतात, एका तलावातून दुसऱ्या तलावात ओल्या जाळ्यातून जाऊ शकतो आणि एकदा शिरला की तलावच्या तलाव मरतो, म्हणून तिथे तो रोग आढळला तर सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही खाडीवर एकच जाळं तीस तीस वर्षं वापरलं, फाटलं की शिवलं, औषधात कधी घातलं नाही, अर्थात खाडीचं पाणीच आता असं झालंय की जाळ्यालाच औषध द्यावं लागेल.

आमिषाची गंमत ऐका. बॉइली नावाच्या गोळ्या असतात, रवा, अंडी, माशाची भुकटी वगैरे मळून छोटे छोटे गोळे करतात आणि चक्क उकडतात. आमच्या हिने डबा उघडला आणि विचारलं, हे कसले लाडू? मी म्हटलं वास घे मग कळेल. जावई त्या गोळ्यांना हात लावतो पण डब्यावर घटक वाचत नाही, बहुतेक मुद्दामच. हा गोळा गळात टोचतच नाहीत. गळाच्या मागून केसासारखा बारीक दोरा सोडायचा आणि गोळा त्या दोऱ्यात ओवायचा, गळ उघडाच. कार्पचे दात ओठांत नसतात, घशात असतात, तो तळाशी आला की नळीसारखं तोंड बाहेर काढून चिखलासकट ओढतो आणि नको ते फुंकून टाकतो. गोळा आत जातो, संशय आला की तो फुंकतो, आणि फुंकताना मोकळा गळ खालच्या ओठात बसतो. पोटात जात नाही. चाळीस वर्षं मी कणकेचा गोळा गळावर थापतोय आणि मासा गिळेपर्यंत वाट बघतोय, हे डोक्यात आलं नाही कधी.

दुपारी बारापर्यंत काही नाही. मग रॉडखालचा अलार्म किंचाळायला लागला, खरंच किंचाळतो तो, मी दचकून चहा सांडला. पंधरा मिनिटं लागली, हात भरून आले, साठी झाली ना. मोठ्या जाळीत घेतला तर मिरर कार्प, अंगावर मोजकेच मोठे मोठे खवले, जणू कोणी जुनी नाणी चिकटवलीयत. पावणेआठ किलो. मी जुन्या सवयीने कल्ल्यात बोटं घालायला गेलो आणि मागून आवाज आला, नो नो नो.

तिथली देखरेख करणारी पोरगी होती, पंचविशीची असेल, तिला बेलिफ म्हणतात. आपल्याकडे बेलिफ म्हटलं की कोर्टाची नोटीस घेऊन आलेला माणूस, मी आधी घाबरलोच की काय गुन्हा केला. तिने काय केलं, काठावर पाळण्यासारखी मऊ जाड गादी होती ती तलावाच्या पाण्याने आधी ओली केली, मला म्हणाली हात ओले करा, मग धरा. कोळ्याच्या पोराला मासा कसा धरायचा ते इंग्रजांची पोरगी शिकवत होती, ते पण बरोबर शिकवत होती. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो थर म्हणजे त्याचं रोगापासूनचं कवच, आणि कोरड्या दगडावर आपटला तर ते गेलंच. गळाला काटा नव्हता, म्हणजे मागे वळलेला बार्ब नव्हता, चिमटीत धरला आणि लोण्यातून निघावा तसा निघाला. मग तिने खिशातून एक छोटी बाटली काढली, आणि कापसाच्या काडीने त्या माशाच्या ओठावर जिथे भोक पडलं होतं तिथे औषध लावलं. पोराच्या गुडघ्याला आई लावते तसं. ओल्या पिशवीत वजन, एक फोटो, तोही गादीच्या वर गुडघे टेकून, उभं राहून नाही कारण हातातून निसटला तर उंचावरून पडेल. मग पाण्यात धरून ठेवला, त्याने शेपूट मारली, माझ्या चष्म्यावर पाणी उडवून गेला.

ती म्हणाली हा ओळखीचा आहे, डाव्या बाजूला तिसरा खवला वाकडा आहे, मागच्या वर्षी पण आला होता. कार्प वीस वीस वर्षं सहज जगतो. जावयाने जाताना गाडीत सांगितलं की १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर नावाच्या छोट्याशा तळ्यात ४४ पौंडांचा कार्प पकडला, म्हणजे वीस किलोचा, आणि तो जिवंतच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला, तिथे तो अनेक वर्षं होता, लोक बघायला जायचे. त्या पिढीपासून तिकडे मोठा कार्प म्हणजे कालवण नाही, शेजारी आहे. मला हे पूर्ण पटलंय असं नाही, मी आजही जिताडा दिसला तर आधी कांदा-कोथिंबीरच आठवते, पण तलावाच्या माशाबाबतीत पटलं.

आणि मग मला घरचं आठवलं. परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमच्या बाजूच्या एका तलावावर, नाव लिहीत नाही, संध्याकाळी एका पोराच्या दोरीला कटला लागला, चारेक किलोचा असेल. जाळी नाही, काही नाही, पोराने दोरी हाताला गुंडाळून मासा दगडी पायऱ्यांवरून ओढत आणला, दिवसभर तापलेल्या पायऱ्या, तो आपटतोय, वीस-पंचवीस माणसं मोबाईल काढून उभी. गळ आत गेलेला, पोराने हिसका दिला तर अर्धा ओठ गेला. तेवढ्यात वॉचमन ओरडत आला, पोराने घाबरून मासा परत पाण्यात भिरकावला आणि पळाला. वॉचमन मला म्हणाला काका इथे मासेमारी बंदी आहे. त्याच वेळी दहा पावलांवर एक गृहस्थ स्कूटरवरून प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य पाण्यात सोडत होते, त्यांना कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर तो कटला पायरीला लागून उताणा.

त्या पोराचा राग नाही आला मला. त्याला कोणी शिकवलंच नाही, आणि शिकवायची जागाच नाही.

आपण ठाण्याला तलावांचं शहर म्हणतो, पस्तीसच्या आसपास तलाव आहेत, मासुंदा, उपवन, आंबेघोसाळे, रायलादेवी, नावं सगळ्यांना पाठ. पण या तलावातले मासे कुठून येतात हे किती जणांना माहिती आहे? रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे, वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालतच नाहीत. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात या माशांना पिट्युटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, तेव्हापासून मत्स्यबीज हॅचरीत तयार व्हायला लागलं, म्हणून तर १० जुलै मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. म्हणजे तलावात दिसणारा प्रत्येक कटला कोणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, असताना आणून सोडलेला आहे. चिलापी मात्र कोणी न सोडता पण वाढते, तिला काही लागत नाही. रोहू-कटला दहा-बारा किलोपर्यंत जातात, जगू दिले तर.

आणि जगू देणं म्हणजे नुसती बंदीची पाटी नाही. पाण्यात निर्माल्य, पाव, शिळी पोळी गेली की शेवाळ माजतं, दिवसा ते ऑक्सिजन देतं आणि रात्री तेच खातं, ढगाळ हवा असेल तर पहाटे चार-पाचला पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडबंद करतात. लोकांना वाटतं मासे खेळतायत, ब्रेड टाकतात वरून. पहाटे हे बघणारा माणूस कोण असतो? गळ घेऊन बसलेला. आपण रॉडवाल्यांना हाकलतो आणि मग सकाळी पेपरात फोटो येतो. पवईला गळवाल्यांची जुनी संस्था आहे, तलाव १८९१ चा, तिथे लायसन, नियम सगळं असतं, माझे दोन दोस्त जातात. मगरी आहेत म्हणून आमची ही मला पाठवत नाही. मग ठाण्यात का नको?

माझं मागणं फार मोठं नाही. पस्तीसमधला एक तलाव घ्या, त्याची एक बाजू घ्या. आठ-दहा बसायच्या जागा, नंबर घाला. तिकीट ठेवा, फुकट नको, फुकटात आपल्याकडे सगळ्याची वाट लागते. गळ बिनकाट्याचा, तपासून आत सोडायचा. दोन मोठ्या जाळ्या आणि दोन गाद्या तिथेच ठेवायच्या, गरवायला येणाऱ्याने तिकीट दाखवून घ्यायच्या. मासा परत पाण्यात, खाण्यासाठी बाजार आहे. दोरीला वजन म्हणून शिसं नको, इंग्लंडात हंस ते गिळून मरायचे म्हणून १९८७ पासून शिशाच्या छोट्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, आपल्याकडे हंस नसले तरी बगळे, पाणकावळे, कासवं आहेत. बॉइली आणायची गरज नाही, शेंगदाण्याची पेंड, चण्याचं पीठ, बडीशेप यावर आपला मृगळ आणि सायप्रिनस (आपल्याकडचा साधा कार्प) छान येतो, कटल्यासाठी आमिष वरच्या पाण्यात ठेवावं लागेल कारण त्याचं तोंडच वर वळलेलं. आणि देखरेखीला कोळीवाड्यातली चार पोरं-पोरी घ्या, खाडीचं काम गेलंय, माशाची नजर गेलेली नाही. या सगळ्याला कारंजं आणि रंगीत दिव्यांपेक्षा जास्त खर्च येईल असं मला वाटत नाही, चुकत असेन तर कोणी हिशोब मांडून दाखवावा.

लोक म्हणतील माशाचा खेळ कशाला, त्याला त्रासच होतो ना. होतो, थोडा होतो, मी नाही म्हणत नाही. पण त्या तलावात जे काही महागाचं सामान मी पाहिलं त्यातलं निम्म्याहून जास्त माशासाठी होतं, माणसासाठी एक खुर्ची आणि संडास. काकांना परत आल्यावर फोटो दाखवला, त्यांनी बराच वेळ फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले गादी चांगली हाय.

ती गादी जावयाने माझ्या बॅगेत घालून दिलीय. सध्या माळ्यावर आहे, घडी केलेली. ठाण्यात अशी जागा खरंच झाली तर सांगा, मी मिठबंदर रोडवरून चालत आणून देईन.

आपला नम्र,
एक गरवणारा,
चेंदणी कोळीवाडा, ठाणे पूर्व