फोटो माझ्या टॉवरचा, बातमी भलत्याची

महोदय,

शहरातल्या मोबाइल टॉवरच्या ‘विळख्या’वरची कालची बातमी वाचली. बातमी बाणेदार आहे. अडचण एवढीच, की तिच्यासोबत छापलेला टॉवर मोबाइल कंपनीचा नाही, माझा आहे. राजारामपुरीत आमच्या परसात तो उभा आहे. उंची ५० फूट. वर ज्या तीन आडव्या नळ्या दिसतात, ती हौशी रेडिओची, म्हणजे छंद म्हणून दूरदूरच्या लोकांशी बिनतारी बोलण्याची, यागी ॲन्टेना आहे (एका दिशेला रोखायची असते). आपल्या प्रतिनिधींनी फाटकाबाहेरून फोटो काढला आणि ते निघून गेले. बेल दाबली असती तर चहा मिळाला असता, आणि माहितीही.

फोटोखाली ‘भरवस्तीत किरणोत्सर्ग’ असे छापले आहे. माझा सेट १०० वॅटचा. मी माइकचे बटण दाबले किंवा मोर्सची की टिकटिकवली, तरच त्यातून काही बाहेर पडते. उरलेला सगळा वेळ तो ऐकतो, आणि हल्ली त्याला ऐकू येते ते मुख्यतः शेजारपाजारच्या स्वस्तातल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर. ती बंद करा म्हणून मी कधी कोणाच्या दारात गेलेलो नाही. हौशी रेडिओला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. १९७८ ची नियमावली आहे, वरच्या श्रेणीला ४०० वॅट आणि खालच्या श्रेणीला ५० वॅट अशी कमाल मर्यादा आहे. मोबाइल कंपन्यांची वकिली करायचे मला काही कारण नाही, पण त्यांच्या टॉवरसाठीही आपल्याकडे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश मर्यादा लागू झाली, हे एक वाक्य बातमीत बसले असते. जागा नव्हती म्हणावे, तर फोटो चार कॉलमी आहे.

त्या चार कॉलमी फोटोबद्दल मात्र आपले आभार. तो जरा भिंग लावून पाहा. उजव्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीवर, माझ्या टॉवरच्या ताणाच्या तारेला एक काळे डबडे लटकलेले दिसेल. त्यातून वायरींची जुडी रस्ता ओलांडून पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये गेली आहे. ते माझे नव्हे. घरोघर इंटरनेट देणाऱ्या एका मंडळींचे आहे. नाव लिहीत नाही, लिहिले तरी आपण छापणार नाही.

ही मंडळी मला न विचारता भिंतीवर चढली. डबड्याची पट्टी तारेत अडकवायला जागा हवी होती, म्हणून त्यांनी टर्नबकलला, म्हणजे तारेचा ताण कमीजास्त करायच्या आट्यांच्या कडीला, बांधलेली बारीक तार कापली आणि टर्नबकल सैल केला. काम झाल्यावर अंदाजाने परत आवळला. आता वाचक म्हणतील, चार आटे इकडे की तिकडे, त्यात काय एवढे? म्हणून सांगतो. असला सडपातळ टॉवर पायातल्या काँक्रीटच्या जोरावर उभा नसतो. काँक्रीट वजन पेलते. त्याला सरळ ठेवतात त्या तीन दिशांना १२० अंशांवर ओढलेल्या तारा, आणि तिन्हींचा ताण सारखा असावा लागतो. नवी तार बांधताना तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण दहा टक्के ताण देतात. फार सैल सोडली तर टॉवर डुलतो, फार आवळली तर तोच ताण खाली दाब होऊन पायांवर बसतो. टर्नबकल वाऱ्याने आपोआप उलटा फिरू नये म्हणून त्याच्या मधून बारीक तार ओवून बांधायची असते. त्या मंडळींनी कापली ती हीच. एक तार सैल, दोन ताठ, म्हणजे रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्याने दोर सोडून तंबाखू मळत बसावे तसे.

त्याच आठवड्यात वळीव आला. कोल्हापूरचा वळीव कसा येतो ते वाचकांना सांगायला नको. आधी धूळ, मग पत्रे, मग पाऊस. माझा टॉवर एरवी वाऱ्यात जागचा हलत नाही. त्या संध्याकाळी वरची यागी मान हलवत होती आणि मी खिडकीत उभा राहून बघत होतो, कारण विजा चमकत असताना टॉवरपाशी जायचे नसते. सकाळी ओळंबा लावला तर मधला जोड चार बोटे बाहेर.

तार परत जुळवली. डबडे खाली काढून ठेवले. दोन दिवसांत ते परत वर! या वेळी सोबत आणखी एक छोटे डबडे होते. फोन केला तर उत्तर मिळाले, “काका, तुमचा टॉवर हायच की उभा. एवढ्याशा डब्यानं काय हुतंय?”

काय होते ते सांगतो. उद्यमनगरात लेथवर माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, लोखंड कुठे दगा देते ते मला थोडेफार कळते. टॉवर मोडतो तो बहुधा मधल्या अँगलमध्ये नव्हे, टोकाच्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंत. तारेचे टोक दुमडून त्या घडीवर यू क्लॅम्प लावतात, त्यात एक यू आकाराचा बोल्ट आणि एक खोगीर असते. तो उलटा बसवला तर यू भार घेणाऱ्या तारेतच रुततो आणि तिला चेपतो. खोगीर भार घेणाऱ्या तारेवर आणि यू मोकळ्या शेपटावर, हा नियम आहे. तार जमिनीत जखडणारा अँकरचा रॉड मातीत कुठे गंजतो ते वरून दिसत नाही, उकरून बघावे लागते. तारेत मध्ये मध्ये चिनीमातीची अंडी, म्हणजे विद्युतरोधक, असतात. ती अशी ओवायची, की अंडे फुटले तरी दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकून राहावेत आणि टॉवर पडू नये. ॲन्टेनाकडून सेटकडे येणाऱ्या कोॲक्स केबलच्या जोडात पाणी शिरले तर महिनाभरात आतले तांबे काळे पडते, म्हणून चिकटपट्टी खालून वर गुंडाळत जायची आणि केबलला खाली झोळ सोडायचा. तीनही पाय तांब्याच्या पट्टीने अर्थिंगला जोडायचे. हे सगळे मी दर वर्षी वळवाच्या आधी तपासतो. पट्टा बांधूनच वर चढतो, आणि खाली कोणीतरी उभे असल्याशिवाय चढत नाही. बातमीत ज्याला ‘बेवारस सांगाडा’ म्हटले आहे, त्याची ही देखभाल.

आणि नोटीस आली ती मला. डबडेवाल्यांना नव्हे.

कोणत्या कार्यालयाची ते असू दे. ‘आपण इमारतीच्या आवारात विनापरवाना मोबाइल टॉवर उभारल्याचे निदर्शनास आले आहे.’ परवान्याची प्रत, काँक्रीटचे फोटो आणि इंजिनिअरचा दाखला घेऊन गेलो. टेबलावरचा मुलगा सभ्य होता.

“कंपनी कुठली, काका?”

“कंपनी नाही. माझाच आहे.”

“मग भाडं कुणाकडनं येतंय?”

“कुणाकडूनच नाही.”

“मग उभा कशाला केलाय?”

मी म्हणालो, जपानशी बोलायला. त्याने पेन खाली ठेवले. दोष त्याचा नाही. फॉर्मवर ‘कंपनीचे नाव’ आणि ‘मासिक भाडे’ हे रकाने सक्तीचे आहेत आणि संगणक रिकामा रकाना घेत नाही. भाड्यात शून्य टाकले तर तेही घेत नाही. प्रकरण अजून तिथेच आहे. त्यात कालची आपली बातमी. आता त्या फायलीला आपले कात्रणही लागेल.

टॉवर तपासू नयेत असे माझे म्हणणे अजिबात नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली, तेव्हापासून उंच लोखंडाकडे लोक संशयाने बघतात, ते बरोबरच आहे. माझ्याकडे या, ओळंबा लावा, अँकर उकरून बघा. पण मग त्याच फेरीत गच्च्यांवरचे जुन्या केबलवाल्यांचे गंजलेले खांब, मालक नसलेल्या डिश आणि फलक निघून गेले तरी राहिलेले सांगाडेही बघा. त्यांना कंपनी नाही, भाडे नाही आणि दर वर्षी वर चढणारा म्हातारा पण नाही. त्यांचा फोटो कालच्या बातमीत कसा नव्हता? आणि परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांसाठी वेगळा एकपानी फॉर्म काढा: उंची, पाया, तारा, अर्थिंग, दाखला. उजळाईवाडीच्या विमानतळामुळे उंचीचे बंधन असेल तर तेही त्यातच लिहून घ्या.

‘या छंदाचा समाजाला उपयोग काय?’ असाही एक सवाल बातमीत आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होते. गेले होते छंदासाठीच, जगभरच्या रेडिओवाल्यांशी बोलायला. ॲन्टेना आधीच उभी होती म्हणून निरोप जाऊ शकले. इतक्या लांब कशाला, २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा माझा सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालू होता. गल्लीतल्या दोन-तीन घरांची खुशाली पुण्याला कळली ती त्यावरून. प्रामाणिकपणे सांगायचे तर ते काम वरच्या यागीचे नव्हते. टॉवरच्या मध्यावरून दोन्हीकडे उतरत्या बांधलेल्या साध्या २० मीटर तारेचे होते. सात मेगाहर्ट्झच्या लहरी तिच्यातून जवळजवळ सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात, म्हणून दोन-अडीचशे किलोमीटरवरची गावे दिवसा तिच्यावर छान लागतात. यागी जपानसाठीच. पण ती तार बांधायला काहीतरी उंच आधीपासून उभे असावे लागते. पंचगंगा पात्राबाहेर आल्यावर खड्डा खणून काँक्रीट ओतता येत नाही.

दुरुस्ती छापाल ही अपेक्षा, फोटोएवढ्याच आकारात नसली तरी चालेल. शिवाय त्या फोटोची मूळ प्रत मला मोठी करून हवी आहे. डबडे त्यात स्पष्ट आले आहे आणि टर्नबकलची कापलेली तारही. ती प्रत मी फायलीला जोडणार आहे. प्रतीचे पैसे देईन.

आपला,
एक हौशी रेडिओचालक, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये)

ता. क. : मृग लागला म्हणून आठवले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पूर्वी आपण पहिल्या पानावर ठळक चौकटीत देत होता. गेल्या पावसाळ्यात ती आतल्या पानावर, क्लासच्या जाहिरातीखाली, मुंगीच्या अक्षरात होती. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असलेल्या गावात हा आकडा सकाळी उठून शोधत बसायला लागू नये. जाहिरात आत सरकवा.