ज्ञानेश्वरीबाईंची पावती आणि कंपायलर

संपादक महोदय,

अभियांत्रिकी प्रवेशाची धांदल सुरू आहे, म्हणून प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांविषयी हे पत्र.

मी सांगलीत दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. काही वर्षांपूर्वी आमचा पावती छापणारा प्रोग्राम ऑफिसात गुण्यागोविंदानं चालायचा आणि केंद्रावर सकाळच्या गर्दीत मधूनच कोसळायचा. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बांधून देतो तो कंपायलर, आणि प्रोग्राम वेगानं चालावा म्हणून बांधताना तो जी फेरमांडणी करतो ती ऑप्टिमायझेशन. ऑफिसात आमचा प्रोग्राम ऑप्टिमायझेशनविना, म्हणजे ‘ओ-झीरो’वर बांधलेला असायचा, केंद्रावर जायचा तो ऑप्टिमायझेशनसह, म्हणजे ‘ओ-टू’वर. चूक शोधायला मध्ये ‘प्रिंटएफ’ची, म्हणजे मजकूर छापून दाखवणारी, एक ओळ टाकली, तर कोसळणंच थांबलं! ‘कंपायलर गंडलाय, ऑप्टिमायझेशन बंद करून माल द्या,’ असं वरिष्ठ म्हणाले. आम्ही दिला. दोन महिने कुणाची तक्रार नाही.

मला मात्र चैन पडेना. ४६ फाइलींपैकी निम्म्या ‘ओ-टू’वर, निम्म्या ‘ओ-झीरो’वर, मग त्यातल्या निम्म्या, असं करत सहाव्या खेपेला एक फाइल हाती लागली. तिला जीसीसी या कंपायलरमधला ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ (मेमरीतली घुसखोरी पकडणारी सोय) लावून एका सकाळच्या खऱ्या नोंदी चालवल्या, तर चुकीची ओळ नंबरासकट पुढे आली.

सभासदाच्या नावाला आम्ही मेमरीत ३२ बाइट जागा ठेवली होती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना, मात्रा, हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. ‘ज्ञानेश्वर’ शेवटच्या शून्यासकट (ती नाव संपल्याची खूण) ३१मध्ये बसतो. ‘ज्ञानेश्वरी’ला ३४ लागतात. बाईंची किटली मापाला लागली, की दोन बाइट शेजारच्या पॉइंटरवर, म्हणजे मेमरीतला पत्ता जिथं ठेवलेला असतो त्या जागेवर, सांडायचे. ‘ओ-झीरो’वर शेजारी रिकामी जागा होती, सांडलेलं तिथं जिरायचं. ‘ओ-टू’नं मांडणी दाटीवाटीची केली आणि आमचा गलथानपणा उघडा पडला.

कंपायलरमध्येही बग असतात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा खोट आपल्याच कोडमध्ये निघते. २००९ साली लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यातल्या (कर्नलमधल्या) ‘टन’ नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो रिकामा आहे का, हे नंतर तपासलं होतं. वापरला त्याअर्थी रिकामा नसणारच, असं धरून कंपायलरनं ती तपासणीच उडवली. सी भाषेच्या नियमाप्रमाणे त्याला तसं करायची मुभा होती.

मध्यंतरी एका महाविद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. निळ्या पडद्यावर टर्बो सी हा कंपायलर, १९८७ साली आलेला! जीसीसीही त्याच सालचं, पण ते आजही दरवर्षी सुधारतं आहे. एका मुलाला विचारलं, ‘या वॉर्निंग कसल्या?’ तो म्हणाला, ‘मॅडम, रन होतंय ना!’ त्याला काय बोलणार? आम्हीही दोन महिने तेच म्हणत होतो.

अभ्यास मंडळांना विनंती एवढीच, की प्रात्यक्षिकाच्या पहिल्या आठवड्यात एकच चुकीचा प्रोग्राम ‘ओ-झीरो’ आणि ‘ओ-टू’ अशा दोन्हींवर बांधून मुलांसमोर चालवावा. जीसीसी फुकट मिळतं आणि यासाठी लॅबमध्ये नवं यंत्रही घ्यावं लागत नाही.

— एक प्रोग्रामर, सांगली