रविवारची बैठक: ‘द लॉटरी’ वाचून या

सभासदांना नमस्कार.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता, गंगापूर रोडला नेहमीच्या जागी, अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ या कथेवर बोलायचं आहे. कथा छोटी आहे, एका दमात वाचा. शेवट कृपया ग्रुपवर टाकू नका. ऊन, फुलं, गावगप्पा अशा प्रसन्न सुरात भीती दडवलेली आहे. शेवट आधी कळला की तो सूरच निकामी होतो.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या. सुरुवातीला मुलं खिशात काय भरतात, काळी पेटी वर्षभर कुठे पडून असते, गाव लॉटरीच्या विधीतलं काय विसरलं आणि काय नाही, तिथे खुणा करा. खरी कथा तिथेच आहे.

बैठकीत आधी १० मिनिटं प्रत्येकाने प्रतिक्रिया लिहायची, मग बोलायचं. थेट ‘अंधश्रद्धा वाईट’वर उडी मारली की चर्चा आटोपते, कारण तसं म्हणताना आपण स्वतःला कथेतल्या गर्दीतून बाहेर काढून घेतो. राग आला तर तोही लिहा. १९४८ साली ‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकात कथा छापून आली तेव्हा ३०० हून जास्त पत्रं आली. बरीचशी गोंधळलेली, काही चक्क शिवीगाळ करणारी. आणि अशी लॉटरी कुठे निघते, पाहायला मिळेल का, असंही काहींनी विचारलं होतं!

कथा मिळाली नसेल त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.