रंगाखालच्या कामाबद्दल, वस्तादांना

वस्ताद,

सप्रेम नमस्कार.

माझी टाटा ४०७, म्हणजे छोटा मालट्रक, पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठोकली गेली होती. तुम्ही नीट केलेली गाडी नेताना तोंडी आभार मानलेच होते. तरी हे उघडं पत्र लिहितोय, कारण तुमच्या कामाचा मोठा भाग आता रंगाखाली गेलाय. बघणाऱ्याला चकाकी दिसते, आत काय झालंय ते दिसत नाही. कोल्हापूरच्या आसपास वीस-वीस वर्षांच्या ४०७ अजून ऊस, गूळ, भाजी ओढताहेत. त्यातल्या एखादीचा डावा कोपरा ठोकला गेला, तर मालकानं मिस्त्रीकडं काय काय मागावं, हे तुमच्या कामावरून सांगता येतं.

पहिले आभार मापांचे. हातोड्याला हात लावण्याआधी तुम्ही टेप आणि ओळंबा काढलात. गाडी सपाट फरशीवर, दोन्ही बाजूंच्या टायरांत सारखी हवा, मग चासीच्या जोडीच्या भोकांतून ओळंबा सोडून खाली खडूच्या खुणा आणि त्या खुणांचे कर्ण. दोन कर्णांत फरक निघाला की चासी तिरपी झाली. मग वरची केबिन कितीही ठोका, ती जागेवर येत नाही. इथं कर्ण जुळले. पण पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडं १४ मिलिमीटर कमी भरलं.

कारण पाट्यांत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत, सापडलं. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता आणि पुढचा ॲक्सल डावीकडं मागं सरकला होता. या बोल्टाचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसतं. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले असले की चाकावरचा सगळा मार त्या एकट्या डोक्यावर येतो आणि ते तुटतं. ॲक्सल तसाच ठेवून पत्रा सरळ केला असता, तर गाडी कायम डावीकडं ओढली असती, टायर कडेनं झिजले असते आणि दोष अलाइनमेंटवाल्यावर गेला असता. तुम्ही सेंटर बोल्ट नवा घातलात, यू-बोल्टही नवे, नट समोरासमोरचे टप्प्याटप्प्यानं आवळलेत, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला गाडी बोलावलीत. नवे पाटे-बोल्ट बसल्यावर सैल होतात, ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात.

केबिनची मापं दारांच्या चौकटींत घेतलीत. उजवी चौकट शाबूत होती, तोच नकाशा. तिचे कर्ण डावीकडं ताडून पाहिले, मग समोरच्या काचेच्या चौकटीचे. ती चौकट पिळलेली राहिली तरी नवी काच रबरात बसते खरी, पण पुढं एखाद्या खड्ड्यात कोपऱ्यातून तडकते. त्याही आधी तुम्ही केबिनखालची रबरं बदललीत. डावीकडची दबून गेली होती. केबिनचा थोडा कल अपघाताचा नव्हताच, रबराचा होता. तो कल साखळीनं काढायला जाणारा माणूस केबिनचा चांगला पिलर, म्हणजे उभा खांब, वाकवून बसतो.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरची तार सोडवलीत, वेल्डिंगच्या अर्थची तार वेल्डच्या अगदी जवळ पकडली, डिझेलच्या पायपावर ओलं पोतं. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही म्हणून तारा कोण सोडवतो, असं पुष्कळांना वाटतं. पण अल्टरनेटरमधले डायोड याच आळसात जळतात.

ओढताना तुमचा नियम साधा: मार आला त्याच्या उलट दिशेनं ओढायचं, आणि जी घडी शेवटी पडली ती आधी उघडायची. १० टनी हायड्रॉलिक जॅक, साखळी, थोडा ताण देऊन थांबणं. ताणावर असतानाच घडीच्या कडांवर लाकडी ठोकळा धरून हलके घाव, मग आणखी ताण. सोडल्यावर पत्रा मागं येतो म्हणून दोन-तीन मिलिमीटर पुढं नेऊन सोडायचं. एका दमात ओढलं की स्पॉट वेल्ड फाटतात. पिलर तुम्ही गॅसनं लाल केला नाहीत, याचे वेगळे आभार. लाल केला की तो कमजोर होतो, आणि त्यामागंच ड्रायव्हर आणि क्लीनर बसतात.

आता दार. त्यावरचा खड्डा पुट्टीनं भरला असता तर अर्ध्या दिवसात काम संपलं असतं. तुम्ही आतलं कव्हर काढलंत, आतून डॉली, म्हणजे ठोकताना मागं धरायचा लोखंडी ठोकळा, धरलीत, खड्ड्याभोवतीच्या उठलेल्या कडा आधी बसवल्यात आणि मध्याला शेवटी हात लावलात. मधूनच ठोकत सुटलं की पत्रा पातळ होऊन पसरतो आणि मग बोट दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होतो. जिथं तो आधीच पसरला होता तिथं नखाएवढा ठिपका लाल करून, भोवतीनं ठोकून, ओल्या फडक्यानं थंड केलात. एकेक ठिपका, मधे हात फिरवून अंदाज. हे काम डोळ्यांपेक्षा तळहाताला जास्त कळतं.

दाराच्या तळाचं गंजकाम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. उसाचा पाला आणि चिखल दाराच्या पोटात साचतो, ओल धरून ठेवतो, त्यात आपला पावसाळा. पत्रा आतून कुजतो आणि बाहेर फक्त रंगाला फोड दिसतो. टोकदार हातोडीनं टोचत, खणखणीत पत्रा लागेपर्यंत तुम्ही कापत गेलात. मग १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा तुकडा, कडेला कड भिडवून, ०.८ मिलिमीटरच्या तारेनं सीओटू वेल्डिंग. इंचभर अंतरावर एकेक टाका, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, म्हणजे उष्णता एका जागी साठून पत्र्याला लाटा येत नाहीत. पत्र्यावर पत्रा चढवून जोड दिला असता तर लवकर झालं असतं, पण त्या सांध्यात पाणी शिरतं आणि तीच रेघ पुन्हा फुटते. आतून झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी. सीलर भरताना ती बुजली की दाराची टाकी होते.

दार बसवण्याआधी बिजागरीच्या झिजलेल्या पिना काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नव्या करून आणल्यात. लोंबलेलं दार जुळवायला चौकट ठोकणं हा उलटा धंदा आहे. आधी पिना, मग दार मागच्या कडेला जुळवायचं, मग शो (समोरचा पत्रा) आणि मडगार्ड, आणि कुलूप ज्यात अडकतं तो खिळा सर्वांत शेवटी.

विम्याचं तुम्ही जे सांगितलंत, तेही इथं लिहितो. गाडी १० वर्षांवरची असली की लोखंडी पार्टच्या किमतीतले ५० टक्के घसारा म्हणून कापतात. रबर-प्लास्टिकला वय न बघता ५० टक्के, फायबरला ३०, काचेला घसारा नाही. ठोकून सरळ करण्याच्या मजुरीला घसारा लागत नाही. म्हणून दुरुस्त होण्याजोगं दार बदललं तर जुन्या गाडीच्या मालकाच्या खिशातून उलट जास्त जातं. आणि व्यापारी गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २३ हे कलम जादा हप्ता भरून घेतलेलं नसेल, तर दिवे, मडगार्ड, बंपर, बॉनेट आणि रंग यांचे पैसे गाडी पूर्ण निकामी झाल्याशिवाय मिळत नाहीत. पुढून ठोकलेल्या गाडीचं बरंचसं बिल याच वस्तूंचं असतं. नूतनीकरणाच्या दिवशी हे कलम कागदावर शोधा.

पुट्टी तुम्हीही लावलीत, पण कातडीसारखी, कुठंच दोन मिलिमीटरच्या वर नाही. १०० ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर (पुट्टी घट्ट करणारं रसायन), काट्यावर तोलून. जास्त पडला तर वरच्या रंगातून डाग उमटतात, कमी पडला तर पुट्टी चिकट राहून कागद भरतो. घासणी ८० नंबरच्या कागदानं, मग १८०, मग ३२०, सगळी कोरडी. पुट्टी पाणी पिते. ओली घासली की आत राहिलेलं पाणी पहिल्या उन्हात फोड होऊन वर येतं. पाणी तुम्ही प्रायमर सरफेसरनंतर वापरलंत, ४०० आणि ६०० च्या कागदाला, तेही वर काळ्या पावडरीचा हात फिरवून, म्हणजे राहिलेला खळगा काळा दिसतो.

रंगाआधी जुन्या रंगावर थिनरचं फडकं दाबून पाहिलंत. रंग फडक्याला आला, म्हणजे खालचा थर कच्चा. त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला असता तर सुरकुत्या पडल्या असत्या. म्हणून तो खरवडून एपॉक्सी प्रायमर दिलात. पावसाची झड असताना दोन दिवस रंगाची गन हातात घेतली नाहीत, गाडी अडून राहिली तरी. दमट हवेत, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी असताना मारलेला रंग मलूल पडतो. उन्हानं उतरलेल्या जुन्या रंगाशी नवा रंग जुळणार नाही म्हणून जोड दाराच्या मधे न आणता पत्र्याच्या दुमडीवर आणलात. काचेवरचं ‘आई अंबाबाई प्रसन्न’ पेंटरकडून त्याच वळणात लिहून घेतलंत, तेही लक्षात आहे.

बाकी भराभर: हेडलाइट भिंतीवर जुळवले, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकचा होज (नळी) कुठं घासत नाही ना पाहिलं, परावर्तक पट्ट्या पुढं पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागं लाल. ८ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेसची तपासणी दरवर्षी असते आणि पट्टी फाटकी असली तरी गाडी परत पाठवतात.

एक गोष्ट मात्र डाचते. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासातून गेले की दमा लागतो, आणि एकदा लागला की थोड्याशा वासानंही उसळतो. तुम्ही आणि तुमच्या हाताखालचं पोरगं दोघंही तोंडाला रुमाल बांधून गन मारता. रुमालातून धूळ अडते, ही वाफ अडत नाही. या पत्रासोबत कार्ट्रिजचे दोन मास्क पाठवतोय. कार्ट्रिज वापरून झालं की हवाबंद पिशवीत ठेवा, उघडं राहिलं तर पडल्या पडल्या संपतं. जादा चार जोड्या डब्यात आहेत. संपल्या की निरोप धाडा.

आपला,
४०७ वाला