बराकीच्या फाटकावरचं नाव

प्रिय अविनाश,

तुझं पत्र मिळालं. भिंती त्याच, शिपाई तेच, मग बराकीचं नाव बदलून काय साधतं, असं तू विचारलंस. मला वाटतं, खूप साधतं.

मुळात बराकी बांधणंच लोकांना सहज पटलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक शिपाई खानावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत उतरवले जात. बराक आली की राजाच्या हाती कायमची फौज आली, ही धास्ती होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरकारलाच उलटी भीती वाटू लागली, की लोकांत मिसळून शिपाई बिघडतील! मग भराभर बराकी उठल्या. पुढे इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉट या लष्करी गावात बराकींना सालामांका, तालावेरा अशी स्पेनमधल्या लढायांची नावं दिली गेली. तो सोपा मार्ग.

खरी कसोटी माणसाचं नाव देताना लागते. डब्लिनचंच बघ. तिथली ‘रॉयल बॅरॅक्स’ 1922च्या डिसेंबरात ब्रिटिशांनी सोडली आणि तिला आयरिश स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकेल कॉलिन्स याचं नाव मिळालं. त्याच वर्षीच्या ऑगस्टात, ब्रिटिशांशी केलेल्या करारावरून आयरिश लोकांतच पेटलेल्या यादवीत, तो गोळी लागून मेला होता. त्याच्या विरुद्ध बाजूचा काहल ब्रूहा जुलैतच लढताना गेला होता. आणि 1952 साली ‘पोर्टोबेलो बॅरॅक्स’ला नाव दिलं ते या ब्रूहाचं. यादवीत सरसेनापती म्हणून कॉलिन्सचं मुख्यालय होतं, ती हीच बराक! एका शहरात, एकाच सैन्याने, एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या दोघांना जागा दिली. तीस वर्षं लागली, पण दिली. हे वाचून मी खरंच भारावलो.

जर्मनीत गोष्ट जास्त अवघड होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उभारलेल्या लोकशाही देशाच्या सैन्यातही काही बराकींना हिटलरच्या सेनानींची नावं होती. फ्युसेनच्या बराकीवरचं नाझीनिष्ठ जनरल डीटलचं नाव 1995 साली काढलं. रेंड्सबुर्गच्या बराकीवर 8 मे 2000 रोजी एका जनरलच्या जागी आंटोन श्मिड या साध्या सार्जंटचं नाव आलं. जर्मनांनी व्यापलेल्या लिथुआनियातल्या व्हिल्नियस शहरात त्याने ज्यूंना लपवलं, लष्कराच्या ट्रकमधून बाहेर काढलं, आणि त्यासाठी 1942च्या एप्रिलमध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. अविनाश, हुकूम मोडणाऱ्याचं नाव सैन्याने आपल्या फाटकावर लावलं! रोज बराकीच्या फाटकातून आत जाणाऱ्या पोराने कुणासारखं व्हावं, हे तिथल्या पाटीवर लिहिलेलं असतं. म्हणून ‘नावात काय’ हे मला पटत नाही.

हानोव्हरचंही सांगतो. तिथे पहिल्या महायुद्धातल्या जनरलचं आणि लढाईचं जोडनाव होतं. 2018 साली ते जाऊन टोबियास लागेनश्टाइनचं आलं. हा लष्करी पोलिस 2011 साली अफगाणिस्तानात मारला गेला. हे नाव बराकीतल्या सैनिकांनीच सुचवलं होतं. मला ही रीत सगळ्यांत आवडते, कारण त्या पाटीखालून रोज त्यांनाच जायचं असतं.

इतिहास पुसला जातो, हा तुझा आक्षेप मला अजून समजून घ्यायचा आहे. डीटलचं नाव ठेवायला हवं होतं, असं तुला वाटतं का? सविस्तर लिही.

तुझा,
माधव