पासवर्ड विचारलाच नाही, तर अवघड ठेवून काय उपयोग?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायबर चोरीच्या बातमीखाली आपण जी चौकट छापता, तिची पहिली ओळ हमखास 'पासवर्ड अवघड ठेवा' अशी असते. सल्ला वाईट नाही. पण गेली १८ वर्षे मी रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांच्या नेटवर्कची देखभाल करतो आणि ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली, त्यात पासवर्डचा संबंधच आला नव्हता.

रबाळ्याच्या एका गाळ्यात फायरवॉलच्या (ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या उपकरणाच्या) सेटिंगमध्ये अॅडमिन म्हणून एक अनोळखी नाव दिसलं. शेठ माझ्यावरच उखडले, "अहो, पासवर्ड तुम्हीच ठेवला होता ना? मला तर तो अजून पाठ नाही!" खरं होतं. २१ अक्षरांचा पासवर्ड, आणि तो कुणालाच कळला नव्हता. येणाऱ्याला त्याची गरजच पडली नाही.

फायरवॉल, राउटर यांच्या सेटिंग बदलायला एक वेबपान असतं. लॉगिनशिवाय आत सोडायचं नाही, हे बघणं त्यामागच्या प्रोग्रामचं काम. तोच गंडला तर? ऑक्टोबर २०२२ मध्ये फोर्टिनेटच्या उपकरणांतली अशी चूक उघड झाली. पान मागणाऱ्या विनंतीसोबत जी माहितीची ओळ जाते, त्या हेडरमध्ये 'मी याच उपकरणातून आलोय' अशी थाप मारली की दार उघडत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो अल्टोच्या फायरवॉलची पाळी आली. लॉगिन तपासायचं की नाही हे ठरवणारा हेडर बाहेरचा माणूसच 'नको' असा भरून पाठवू शकत होता. सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही पाहुण्यानेच ओढून घेऊन 'चौकशी झाली' असं लिहावं, तसा प्रकार. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या राउटर-स्विचवर चालणाऱ्या आयओएस एक्सई या प्रणालीत तर लॉगिन न करता थेट सर्वोच्च अधिकाराचं खातंच काढता येत होतं. तीव्रता १० पैकी १०, आणि जगभरातली हजारो उपकरणं त्यात सापडली.

कंपन्या नामांकित, उपकरणं महागडी. पण तिन्ही वेळा सर्वांत जास्त फटका बसला तो ज्यांचं हे पान थेट इंटरनेटवर उघडं होतं त्यांना. दुरुस्ती हाती येण्याआधी सिस्कोने सांगितलेला उपायही हाच होता: इंटरनेटकडे तोंड असलेल्या उपकरणांवरची वेबसेवा बंद करा. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तर जून २०२३ मध्येच तिथल्या केंद्रीय सरकारी कार्यालयांना बजावलं होतं की असं उघडं पान आढळलं की १४ दिवसांत ते इंटरनेटवरून काढा, नाहीतर त्याच्यापुढे वेगळा पहारा बसवा.

आपल्याकडे ते उघडं का राहतं? एएमसीमुळे, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारामुळे. रात्री अकराला शेठचा फोन आला की डोंबिवलीतून किंवा कळव्यातून घरबसल्या बघता यावं, एवढ्यासाठी. मीही तेच करत होतो, लपवत नाही. रबाळ्याच्या त्या गाळ्यातलं पान मीच उघडं ठेवलं होतं. पोर्ट नंबर (उपकरणाच्या कुठल्या दारातून शिरायचं तो आकडा) बदललाय म्हणजे कुणाला सापडणार नाही, अशी माझी समजूत होती. सगळे पोर्ट चाचपत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात, त्यांना नंबराचं काय! त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर डेटा सेंटरमध्ये शिरायला दोन-तीन ठिकाणी ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि शेजारच्या गाळ्याचा राउटर चव्हाट्यावर.

तपासणी सोपी आहे. मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, ऑफिसचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एएमसीवाल्याने दिलेल्या पोर्टसह ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान आलं तर त्याच दिवशी त्याला फोन लावा. ते पान आतल्या नेटवर्कपुरतं ठेवायला सांगा, बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे ओळख पटवूनच उघडणाऱ्या खासगी जोडणीतून. व्हीपीएनमध्येही चुका निघतात, म्हणून अपडेट चुकवू नका.

अपडेट टाकला की सुटलो, असंही नाही. आधी कुणी येऊन गेला असेल तर त्याने काढलेलं खातं तसंच राहतं. फोर्टिनेटच्या २०२२ च्या त्या चुकीतून उचललेली सुमारे १५,००० उपकरणांची सेटिंग, काहींच्या पासवर्डसकट, जानेवारी २०२५ मध्ये फुकट वाटली गेली. म्हणून अॅडमिनची यादी तपासायची, मग पासवर्ड बदलायचे. आपली चौकट इथे कामाला येते!

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना अशी घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग (उपकरणावर कधी काय झालं याच्या नोंदी) जपावे लागतात. आमच्या गाळ्यातल्या फायरवॉलमध्ये जेमतेम चार दिवसांचे लॉग निघाले. तो पाहुणा कधी आला, हे शेठना मी आजही सांगू शकलेलो नाही.

औद्योगिक संघटनांनी एएमसीच्या नमुना करारात 'व्यवस्थापनाचं पान इंटरनेटवर उघडं ठेवणार नाही' हे कलम घालावं. आणि आपण चौकटीत पासवर्डच्या वर ही एक ओळ छापावी, एवढी विनंती.

आपला,
नेटवर्क देखभाल करणारा एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई